तहांनी ओढलं की माणसांनी ढकललं? जुलै १९१४

खडूफळा · शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि तीस वर्षं फळ्यावर तीच यादी लिहिली. पहिल्या महायुद्धाची कारणे : लष्करवाद, गुप्त तह, साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद. तात्कालिक कारण : सारायेव्होचा खून. पोरं घोकायची, पाच मार्क पाडून घ्यायची, मीही खूश. निवृत्तीनंतर सवडीने वाचायला लागलो तेव्हा कळलं, त्यातली 'गुप्त तह' ही ओळ मी निदान अर्धी तरी चुकीची शिकवली.

तहांनी जोडलेले देश मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक घसरले, असं चित्र मी रंगवायचो. आता तेच तह काढून बघा. इटली १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या त्रिराष्ट्र करारात होती. युद्ध पेटलं तेव्हा ती म्हणाली, करार बचावाचा आहे, तुम्ही आपणहून हल्ला केलात, शिवाय आम्हाला विचारलंही नाही. आणि घरी बसली. मे १९१५ मध्ये उठली ती थेट ऑस्ट्रियाच्याच विरुद्ध. रुमानिया १८८३ पासून याच गोटाशी गुपचूप बांधलेला, राजा तर जर्मन होहेन्झोलर्न घराण्यातला. तोही घरी बसला. ब्रिटनचं उलटं. फ्रान्सशी १९०४ चा आणि रशियाशी १९०७ चा समझोता होता खरा, पण ती सगळी वसाहतींच्या भांडणांची मिटवामिटवी : इजिप्त, मोरोक्को, इराण, अफगाणिस्तान, तिबेट. 'तुझ्यावर कोणी चालून आलं तर मी धावून येईन' असं वाक्य त्यांत कुठेच नाही. म्हणजे बांधलेले आले नाहीत आणि न बांधलेला आला.

कळस म्हणजे, ऑस्ट्रियाची पाठराखण म्हणून जर्मनीने रशियाशी युद्ध पुकारलं १ ऑगस्टला आणि खुद्द ऑस्ट्रियाने पुकारलं ६ ऑगस्टला. लग्न ज्याचं तोच पाच दिवस मांडवात नाही!

मग ओढलं कोणी? माझं मत असं की कोणी ओढलं नाही, ढकललं. आणि ढकलणारे हात मोजता येतात.

सगळ्यांना माहीत असलेला भाग उरकून घेतो. २८ जून १९१४, सारायेव्हो. ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना गाव्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब पोराने गोळ्या घातल्या. मागे 'काळा हात' ही सर्बियातली गुप्त संघटना आणि तिचा म्होरक्या कर्नल दिमित्रियेविच, टोपणनाव 'एपिस'. हा सर्बियाच्या लष्करी हेरखात्याचाच प्रमुख. बोस्निया ऑस्ट्रियाने १९०८ मध्ये गिळला होता, तो राग होताच.

आता व्हिएन्ना. ज्याचा खून झाला, तोच तिथे युद्धाला अडसर होता! सरसेनापती कॉनराड सर्बियावर चढाई करा म्हणून पाठी लागायचा (एकट्या १९१३ मध्ये वीसहून जास्त वेळा) आणि फर्डिनांड त्याला गप्प करायचा. अडसर गेला. परराष्ट्रमंत्री बेर्शटोल्ड इतके दिवस कचखाऊ म्हणून हिणवला जायचा, त्याला एकदम मर्दुमकी सुचली. हंगेरीचा पंतप्रधान टिसा एकटा अडून बसला, तोही १४ जुलैपर्यंतच.

त्याआधी ५ जुलैला ऑस्ट्रियाचा दूत होयोस बर्लिनला पोचला. जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म म्हणाला, रशिया मध्ये पडला तरी आम्ही तुमच्या पाठीशी. दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर बेथमान-होल्वेगने त्यावर शिक्का मारला. यालाच पुढे 'कोरा चेक' म्हणायला लागले. चेक देऊन कैसर बोटीने नॉर्वेच्या सफरीवर निघून गेला.

आणि चेक ज्याच्या हातात त्याचं सैन्य कुठे? सुगीच्या रजेवर! शेतावरून शिपाई मध्येच बोलावले तर पीक जाणार आणि बातमीही फुटणार. त्यात फ्रान्सचे अध्यक्ष पोआँकारे २० ते २३ जुलै सेंट पीटर्सबर्गला झारचे पाहुणे. ते तिथे असताना सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला तर फ्रान्स आणि रशिया समोरासमोर बसून ठरवतील. म्हणून त्यांची परतीची बोट सुटेपर्यंत थांबले. २३ जुलैला संध्याकाळी सहा वाजता बेलग्रेडमध्ये खलिता दिला, मुदत ४८ तास.

२५ तारखेला सर्बियाचे पंतप्रधान पाशिच स्वतः उत्तर घेऊन गेले. जवळजवळ सगळं कबूल. आमच्या हद्दीतल्या तपासात तुमचे अधिकारी नकोत, एवढंच म्हणणं. ऑस्ट्रियाचा वकील गीझल सामान बांधूनच बसला होता. उत्तरावर नजर टाकली न टाकली आणि अर्ध्या तासात गाडीत बसला.

कैसरने ते उत्तर २८ जुलैच्या सकाळी वाचलं आणि कागदावर शेरा मारला की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलं.

खून २८ जूनला, युद्ध २८ जुलैला. मधल्या महिन्यात कितीतरी वेळा कोणीतरी 'थांबा' म्हणू शकलं असतं, आणि तसं म्हणायला आड येणारा एकही तह मला सापडत नाही. रशियाचा परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह, ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री ग्रे आणि जर्मन सेनापती मोल्टके यांच्यावर प्रतिसादांत बोलू. टंकून बोटं दुखली.

इरसाल_भाऊ · रात्री १०.०५

गुर्जी, दंडवत. तो प्रिन्सिप सँडविच खायला थांबला आणि गाडी नेमकी समोर आली, ते खरं का? आमच्या ग्रुपवर दर जूनमध्ये फिरतं.

खडूफळा · रात्री १०.२१

सँडविच खोटं. ती पुडी अलीकडची आहे, त्या काळच्या साक्षीपुराव्यांत कुठेच नाही. गाडी समोर आली हे मात्र खरं. सकाळी चाब्रिनोविच नावाच्या साथीदाराने बॉम्ब टाकला, तो मागच्या गाडीखाली फुटला. नगरभवनातला समारंभ उरकून युवराज म्हणाला, जखमींना भेटायला इस्पितळात जाऊ. मार्ग बदलला, ड्रायव्हरला कोणी सांगितलं नाही. लॅटिन पुलापाशी तो जुन्याच रस्त्याने वळला, ओरडल्यावर थांबला, आणि थांबला तो प्रिन्सिपच्या पुढ्यात. योगायोग एवढाच. प्रिन्सिप तिथे उभा होता कारण आधी ठरलेला मार्ग तोच होता.

पेठेतली_माई · रात्री १०.५०

खडूफळा, छान लिहिलंत. सोफीबद्दल थोडं. ती काउंटच्या घरची, राजघराण्यात खपण्याइतकी 'मोठी' नव्हे. त्यामुळे व्हिएन्नाच्या दरबारात तिला नवऱ्याशेजारी बसायची मुभा नव्हती. लग्नाआधी त्याला शपथ घ्यावी लागली की आमच्या मुलांचा गादीवर हक्क नसेल. ती शपथ २८ जून १९०० ची. बरोब्बर चौदा वर्षांनी सारायेव्होत तो सैन्याचा निरीक्षक म्हणून गेला होता, दरबारी रिवाज तिथे लागू नव्हते, म्हणून ती त्याच्याशेजारी उघड्या गाडीत बसू शकली.

आणि कॉनराडचं प्रकरण वगळलंत का हो? दुसऱ्याच्या बायकोच्या, जीनाच्या, प्रेमात आकंठ. युद्ध जिंकून आलो की लोक लग्नाला नावं ठेवणार नाहीत असा हिशोब. हजारो पत्रं लिहिली, बहुतेक पाठवलीच नाहीत. १९१५ मध्ये लग्न केलंन, युद्ध काही जिंकलं नाहीन. हे कोणत्या 'कारणा'खाली लिहायचं, अ का आ?

म्युनिककर_मिरजेचा · रविवार, पहाटे १.१५

इथे रात्र अजून तरुण आहे म्हणून लिहितो. लेख आवडला, पण तागडी जर्मनी आणि ऑस्ट्रियाकडे जरा जास्तच झुकलीय.

जर्मनीत या विषयावर एकदा मोठा राडा झाला आहे. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या इथल्याच इतिहासकाराने कागदपत्रं काढून दाखवलं की बर्लिनने हे संकट जाणूनबुजून वापरलं. सहकारी त्याच्यावर तुटून पडले. कारण व्हर्सायच्या तहातलं कलम २३१, ज्याने युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकली, ते अन्यायाचं आहे हे तोवर शाळेपासून पाठ झालं होतं. नंतर लंबक दुसऱ्या बाजूला गेला. आता बरेच जण म्हणतात, सगळेच कमीजास्त दोषी.

माझा आक्षेप रशियाबद्दल. महासत्तांपैकी एकमेकींच्या अंगावर जाणारी पहिली सरसकट सैन्यजमवाजमव रशियाची. २९ जुलैला झारने हुकूम दिला, त्याच रात्री कैसरची तार आली म्हणून मागे घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी साझोनोव्हने तासभर मनधरणी करून पुन्हा काढायला लावला आणि सेनाप्रमुख यानुश्केविचला कळवलं, आता तुमचा टेलिफोन फोडून टाका! म्हणजे झारने पुन्हा मन बदललं तरी हुकूम पोचू नये. हाही ढकलणारा हातच ना?

खडूफळा · सकाळी ७.३०

आहेच. हात मोजायला बसलो तर साझोनोव्हचे दोन धरावे लागतील. फक्त क्रम सोडू नका. बेलग्रेडवर तोफा २९ च्या पहाटेच सुरू झाल्या होत्या.

निवृत्त_कंट्रोलर · सकाळी ९.१२

मध्य रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात आयुष्य गेलं, म्हणून मालगाडीच्या उपमेवर आधी हरकत. डबा घसरला की मागचे डबे आपोआप पडत नाहीत. कपलिंग तुटतं, ब्रेक लागतो. ब्रेक लावणारा जागा हवा.

आता कामाचं. १ ऑगस्टच्या संध्याकाळी लंडनहून जर्मन राजदूत लिखनोव्हस्कीची तार आली : ब्रिटन फ्रान्सला लढाईबाहेर ठेवेल अशी चिन्हं आहेत. कैसर हरखला. म्हणाला, मग सगळं सैन्य पूर्वेला वळवा, फक्त रशियाशी लढू. मोल्टके म्हणाला, जमणार नाही. लाखो माणसं, घोडे, तोफा यांच्या गाड्या मिनिटामिनिटाने लावलेल्या, वर्षभराची मेहनत, आता दिशा बदलली तर सैन्य नव्हे नुसता जमाव सीमेवर पोचेल. कैसरने टोमणा मारला, तुझ्या काकाने वेगळं उत्तर दिलं असतं. (काका म्हणजे १८७० मध्ये फ्रान्सला लोळवणारा थोरला मोल्टके.)

मोल्टके खरं बोलला का? अर्धं. सगळं बळ पूर्वेला नेण्याचा आराखडा दरवर्षी नवा करायचे, तो १९१३ पासून बंदच केला होता. आमच्या भाषेत, त्या दिशेचं चालू टाइमटेबलच नव्हतं. पण जर्मन रेल्वे विभागाचा जनरल श्टाब्स याला ते बोल झोंबले. त्याने युद्धानंतर आकडेमोड करून पुस्तकच लिहिलं की विचारलं असतंत तर आम्ही गाड्या फिरवून दाखवल्या असत्या. मला श्टाब्स पटतो. कुंभमेळ्याच्या गर्दीत आयत्या वेळी रेक फिरवलेत आम्ही. शिव्या घालतात, पण फिरतात.

आणि हे सगळं बर्लिनमध्ये चाललेलं असताना जर्मन सैनिकांनी सगळ्यात आधी परक्या मुलखात ताब्यात काय घेतलं? लक्झेंबर्गच्या हद्दीतलं एक छोटं रेल्वे स्टेशन, त्रॉ व्हिएर्ज. थांबायचा हुकूम थोडा उशिरा पोचला.

टीपकागद · सकाळी १०.४०

खडूफळा, मुद्दा आकर्षक आहे पण तुम्ही 'तह' म्हणजे फक्त सही-शिक्क्याचा कागद धरलात. ब्रिटन न बांधलेला होता हे तितकंसं खरं नाही. १९१२ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने आरमारं वाटून घेतली. फ्रेंच आरमार भूमध्य समुद्रात, ब्रिटिश आरमार उत्तरेकडे. फ्रान्सचा उत्तर किनारा त्यामुळे उघडा पडला, ब्रिटनच्या भरवशावर. नोव्हेंबरमध्ये ग्रे आणि फ्रेंच राजदूत कांबाँ यांच्यात पत्रं झाली, त्यांत 'हे बंधन नव्हे' असं आवर्जून लिहिलं. अहो, शेजाऱ्याने तुमच्या शब्दावर दाराचं कुलूप काढलं आणि चोर आल्यावर तुम्ही म्हणालात, लेखी कुठे होतं, तर चालेल का? आणि दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांची आपसात बोलणी चालली होती, ती तर ग्रेने बहुतेक मंत्रिमंडळाला कित्येक वर्षं सांगितलीच नव्हती.

दुसरं, बेल्जियम. १८३९ च्या लंडन तहात बेल्जियमच्या तटस्थतेची हमी होती. जर्मन फौजा ४ ऑगस्टला आत घुसल्या आणि त्याच रात्री लंडनच्या वेळेने अकराला ब्रिटन युद्धात. बेथमान ब्रिटिश राजदूताला म्हणाला, एका कागदाच्या कपट्यासाठी? ७५ वर्षं जुना कपटा, पण त्याने ओढलं ना?

खडूफळा · सकाळी ११.२५

टीपकागद, आरमाराचा मुद्दा बिनशर्त मान्य. मी तो लिहायला हवा होता.

बेल्जियमबद्दल अर्धा मान्य. तह जुना खरा, पण त्यासाठी लढायचंच का, यावर मंत्रिमंडळ २ ऑगस्टपर्यंत दुभंगलेलं होतं. मॉर्ले आणि बर्न्स या दोघांनी तर राजीनामे दिले. बेल्जियमने गप्प बसून वाट दिली असती तर ब्रिटनमधल्या काठावरच्यांचं काय झालं असतं? राजा आल्बर्ट नाही म्हणाला, म्हणून तहात जीव आला. पुन्हा माणूसच.

ग्रेवर माझा राग वेगळा. त्याने २९ जुलैपर्यंत जर्मनीला स्पष्ट सांगितलं नाही की आम्ही उतरू, आणि फ्रान्सला सांगितलं नाही की उतरणार नाही. दोन्हीकडे 'बघू'. आपल्याकडे लग्न जुळवताना असं बोलणाऱ्या मध्यस्थाला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

आगाऊ_कार्टं · दुपारी १२.०२

हे सगळं वाचून आजच्या काही देशांची आठवण नाही का येत? नावं घेऊ का?

खडूफळा · दुपारी १२.०९

नको रे बाबा. नावं घेतलीस की पन्नास प्रतिसाद येतील आणि धाग्याला कुलूप लागेल. १९१४ मध्येच राहू.

कृष्णाकाठ · दुपारी ३.३०

सातारा जिल्हा. मोबाईलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक पाटी आहे. इंग्रजीत. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. आमच्या भागात अशा पाट्या गावोगाव सापडतात. अपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी.

माझे खापरपणजोबा ११० व्या मराठा पलटणीत. घरात एवढंच सांगत, 'बसऱ्याला गेले, आले नाहीत.' मी नंतर वाचलं. सहावी पूना डिव्हिजन, जनरल टाउनशेंड. इराकातल्या बसऱ्यापासून टायग्रिस नदीच्या कडेने बगदादच्या जवळपास गेले, टेसिफॉनला मार खाऊन मागे फिरले आणि कुतमध्ये कोंडले गेले. १०३ आणि ११० या दोन्ही मराठा पलटणी आत. १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. धान्य संपलं तेव्हा घोडे कापले. आपली माणसं घोडा खाईनात, मग धर्मगुरूंकडून परवानगी आणवली तरी बरेच दिवस खाल्लं नाही. शेवटी तेरा हजारांच्या आसपास लोक शरण गेले. साहेबाला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं.

खडूफळा सर, तुमच्या फळ्यावरच्या यादीत 'बर्लिन-बगदाद रेल्वे' असेल ना साम्राज्यवादाखाली? कुतच्या कैद्यांना रास अल-ऐनला त्याच रेल्वेच्या कामावर जुंपलं होतं. आमचे खापरपणजोबा तिथे होते की वाटेतच गेले, माहीत नाही.

खडूफळा · दुपारी ४.१०

कृष्णाकाठ, यादीत ती रेल्वे आहे. साम्राज्यवाद, पोटकलम तीन. तिच्यावर कोण राबलं हे मी तीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

तुमच्यामुळे एक राहिलेलं नाव आठवलं : व्हाइसरॉय हार्डिंज. ब्रिटन उतरलं की हिंदुस्थान आपोआप उतरला. इथे कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. टिळक मंडालेहून सुटून पुण्यात परतले ते जून १९१४ च्या मध्यावर, सारायेव्होच्या दोनच आठवडे आधी. ऑगस्टमध्ये त्यांनीही सरकारला मदत करा असंच जाहीर केलं. पुढे स्वराज्य पदरात पडेल हा हिशोब. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही भरतीला हातभार लावला, त्यांचा हिशोब वेगळा. एकूण तेरा लाखांच्या आसपास माणसं इथून समुद्रापार गेली आणि चौऱ्याहत्तर हजारांहून जास्त मेली.

इरसाल_भाऊ · दुपारी ४.४५

तुर्कस्तान यात आलं कसं पण? त्यांचा तर सर्बियाशी काही संबंध नाही.

टीपकागद · सायंकाळी ५.२०

एन्व्हर पाशा, त्यांचा युद्धमंत्री. २ ऑगस्टला जर्मनीशी गुप्त तह केला, अर्ध्या मंत्रिमंडळाला पत्ता नाही. त्याच सुमारास चर्चिलने ब्रिटनमध्ये तुर्कांसाठी बांधलेल्या दोन युद्धनौका जप्त केल्या. त्यांचे पैसे भरून झाले होते, वर्गणी गोळा करून! लोक खवळले. तेवढ्यात गोबेन आणि ब्रेस्लाउ या दोन जर्मन नौका ब्रिटिशांना चकवून इस्तंबूलला आल्या, खलाश्यांनी तुर्की टोप्या घातल्या आणि ऑक्टोबरअखेर त्याच नौकांनी रशियाच्या बंदरांवर तोफा डागल्या. खडूफळांच्या बाजूने एक गुण. इथे तह होता, पण वापरला तो एका माणसाने.

दर्यावर्दी · सायंकाळी ६.०३

गोंयचो म्हणून एक भर. आमच्या मुरगाव बंदरातली जर्मन जहाजं विसरलात. इंग्रजांनी रात्री येऊन हल्ला केला, त्यावर सिनेमाही आहे.

पेठेतली_माई · सायंकाळी ६.२०

ते दुसऱ्या महायुद्धातलं हो! एहरेनफेल्स नावाचं जर्मन जहाज, मार्च १९४३.

दर्यावर्दी · सायंकाळी ६.४१

खरंच की, माई. पण थांबा, शोधलं तर पहिल्यातही निघालं! १९१४ मध्ये जर्मन व्यापारी जहाजं मुरगावात आसऱ्याला आली, कारण पोर्तुगाल तटस्थ. फेब्रुवारी १९१६ मध्ये ब्रिटनच्या सांगण्यावरून पोर्तुगालने आपल्या बंदरांतली जर्मन जहाजं ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि जर्मनीने ९ मार्चला पोर्तुगालवर युद्ध पुकारलं. एहरेनफेल्सवरचा हल्लाही ९ मार्चच्याच रात्रीचा. सत्तावीस वर्षांनी.

इरसाल_भाऊ · रात्री ८.१५

शेवटचं विचारतो. त्या एपिसचं आणि प्रिन्सिपचं पुढे काय झालं?

खडूफळा · रात्री ८.५०

एपिसला १९१७ मध्ये सालोनिकाला गोळ्या घातल्या. ऑस्ट्रियाने नव्हे, सर्बियाच्याच सरकारने, स्वतःच्या राजपुत्राविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून. प्रिन्सिपला फाशी देता आली नाही, वयाची वीस वर्षं भरायला काही आठवडे कमी होते. वीस वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल १९१८ मध्ये तेरेझीनच्या किल्ल्यात क्षयाने गेला, एक हात आधीच कापावा लागला होता.

निवृत्त_कंट्रोलर · रात्री ९.३०

कृष्णाकाठ, पाटीवरचे आकडे कळवा. किती गेले, किती राहिले.

कृष्णाकाठ · सोमवार, सकाळी ८.०५

आत्ताच जाऊन आलो, काका. चावडीला गेल्या वर्षी रंग दिला तेव्हा पाटीवरही चुना मारलाय. 'फ्रॉम धिस व्हिलेज' एवढं दिसतं, पुढचे आकडे बुजलेत. रविवारी ओलं फडकं घेऊन जातो.